नाव मोठं, चव खोटी? फसलेल्या खाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माटुंग्याला अन्नतंत्रज्ञान शिकले, त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातली मंडळी आणि सोसायटीतल्या काकू मला खाण्यापिण्याची तक्रार-खिडकी समजतात. कुणी काही महागाचं, गाजलेलं खाऊन तोंड वाकडं केलं की प्रश्न माझ्याकडे येतो. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे घेतलेत.

सगळे ज्याची तारीफ करतात ते मला सपक लागलं. माझ्या जिभेतच काही कमी आहे का?

बहुधा नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यात जिभेचा वाटा थोडाच. गोड, खारट, आंबट, कडू आणि सुक्या मासळीत किंवा पिकल्या टोमॅटोत असते ती उमामी, एवढंच तिला कळतं. बाकी सगळा कारभार नाकाचा. सर्दी झाली की आमटीसुद्धा नुसतं गरम पाणी लागते ती म्हणूनच.

जिभा सगळ्यांच्या सारख्या नसतात हे मात्र खरं. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सला काहीच लागलं नाही. कडू कळण्यातला हा फरक आनुवंशिक असतो हे पुढे सिद्ध झालं. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते, त्यातही जनुकांचा हात आहे. पोह्यांवरची कोथिंबीर वेचून बाजूला ठेवणारं एखादं माणूस घरी असेल तर त्याला नखरेल म्हणू नका.

पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींत जीभ निर्दोष सुटते. माल कच्चा असतो, किंवा मोसम चुकलेला असतो, किंवा नाव एकाचं आणि वाटीत दुसराच. पुढची बरीचशी उत्तरं या तिघांभोवतीच फिरतात.

अ‍ॅव्होकॅडो म्हणजे लोणी, असं ऐकलं होतं. मला तर कच्चा भोपळा चावल्यासारखं वाटलं.

कच्चाच होता तो. अ‍ॅव्होकॅडो झाडावर पिकत नाही. तोडल्यावर पिकतो, आपल्या आंब्यासारखा. दुकानात मिळतो तो दगडासारखा, आणि आपण एवढे पैसे मोजलेत म्हणून त्याच संध्याकाळी सुरी चालवतो. कापला की कारभार आटोपला, मग तो नीट पिकत नाही.

तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, किंवा दोन पिकलेल्या केळ्यांबरोबर कागदी पिशवीत. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, तो शेजाऱ्यालाही पिकवतो. तीन-चार दिवसांनी देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून पाहा. किंचित दबलं तर तयार. रंगावर जाऊ नका. हास नावाची जात पिकली की काळी पडते, पण कित्येक जाती पिकूनही हिरव्याच राहतात.

तरीही गोड लागणार नाही. फळ म्हटलं की आपल्याला गोडवा अपेक्षित असतो आणि खरा पोपट तिथेच होतो. याला लिंबू, मीठ, हिरवी मिरची, बारीक कांदा लागतो. क्रॉफर्ड मार्केटातले फळवाले याला बटर फ्रूट म्हणतात. त्यातलं बटर लक्षात ठेवा, फ्रूट विसरा.

ड्रॅगन फ्रूट दिसतं काय आणि लागतं काय!

हे मान्य. एवढं नटूनथटून आलेलं फळ आणि आत काळे ठिपके घातलेलं पाणी. हे निवडुंगाचं फळ, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ नाव दिलं, चव होती तीच राहिली. आपल्याकडे सांगली-सोलापूरच्या कमी पाण्याच्या भागातले शेतकरी ते लावतात, कारण निवडुंगच तो.

पांढऱ्या गरापेक्षा लाल गराचं घ्या, ते बहुधा जास्त गोड निघतं. तोडल्यानंतर याची गोडी वाढत नाही, त्यामुळे घरी ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. थंडगार करा, वर लिंबू आणि चिमूटभर मीठ. एवढं करूनही नाही आवडलं तर तुमचं काही चुकत नाही.

महाबळेश्वरला खाल्लेली स्ट्रॉबेरी गोड होती. तीच दादरला आंबट का?

कारण ती ‘तीच’ नव्हे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होईल, मऊ होईल, गोड होणार नाही. शेतावर तुम्हाला मिळाली ती पूर्ण पिकलेली. दादरच्या खोक्यातली घाट उतरताना चेपू नये म्हणून आधीच तोडलेली. वरच्या थरात लालभडक आणि खालच्या थरात पांढऱ्या खांद्यांची, हा अनुभव तर सगळ्यांचाच. खोकं उलटं करून तळ बघा. फळवाला कुरकुरतो, कुरकुरू द्या.

हापूसची पेटी आणली आणि निम्मे आंबे पांढरट, आंबूस निघाले. फसवलं का आम्हाला?

या प्रश्नाला दरवर्षी एप्रिलमध्ये ऊत येतो. उत्तर एक नाही, तीन आहेत.

पहिलं, घाई. फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्या आल्या की त्यांचे भाव पेपरात छापून येतात आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतं. भाव चढा म्हणून कोवळं फळही उतरवलं जातं. कोवळा आंबा पिवळा होतो, वासही थोडाफार येतो, पण आतला गर पाणचट. पूर्वीचे लोक अक्षय्य तृतीयेपर्यंत आंब्याला हात लावत नसत. त्यात देवधर्म होता तसा हिशेबही होता. झाडावर पुरता जून झालेला कच्चा आंबा बादलीभर पाण्यात बुडतो आणि कोवळा तरंगतो. माझी आजी आढी घालण्याआधी हे करायची, तेव्हा मला तो खेळ वाटायचा.

दुसरं, साका. आंबा बाहेरून अगदी देखणा, हाताला घट्ट, देठाशी घमघमाट. कापला की कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. हा हापूसचा जुना आजार आहे आणि बाहेरून ओळखायची सोय नाही. विकणाऱ्यालाही कळत नाही, तेव्हा त्याच्याशी भांडण्याआधी एवढं लक्षात घ्या. डझनात एखादा निघाला तर नशीब म्हणा. पाच-सहा निघाले तर फोटो काढून त्याला दाखवा. नेहमीचा आंबेवाला बदलून देतो, हा माझा अनुभव.

तिसरं, नाव. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. पण वाशीला कर्नाटकातूनही तशाच दिसणाऱ्या आंब्याचे ट्रक येतात आणि तिथून निघाल्यावर त्यातल्या काहींच्या खोक्यावर ‘देवगड’ कधी छापलं जातं ते कळत नाही. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो. देवगडच्या भावाने घेतला की वाईट लागतो.

कार्बाइडने पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवायला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, त्याला घाबरू नका. केळी जे स्वतःच करतं तेच ते.

केकवरची चेरी रबरासारखी का लागते?

कारण बऱ्याचदा ती चेरी नसतेच. बेकरीच्या पेस्ट्रीवर बसलेला तो लालचुटूक गोळा आपल्या करवंदाच्या भाईबंदांपैकी. बी काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवून त्याची चेरी होते. टूटी-फ्रूटी म्हणजे कच्ची पपई. हे सांगितलं तेव्हा माझी भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बोंबील फ्राय मागवले. आत नुसता लगदा. लोक यासाठी वेडे का होतात?

ज्यांनी तुम्हाला वाढले त्यांनी बोंबील दाबले नव्हते.

बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हातात घेतला तर जेलीसारखा लुळा पडतो. तो तसाच पिठात घोळवून तव्यावर टाकला की पाणी सुटतं, तो स्वतःच्याच पाण्यात उकडतो, पीठ निघून तव्याला चिकटतं. तुम्ही खाल्लात तो लगदा तोच.

आमच्याकडे सासूबाईंची पद्धत अशी. डोकं-शेपटी काढून पोट उभं चिरायचं, मधला काटा काढून बोंबील पुस्तकासारखा उघडायचा, मीठ लावायचं. खाली सुती फडकं, त्यावर बोंबील एका ओळीत, वर दुसरं फडकं आणि त्यावर पाटा. पाटा नसेल तर पोळपाट आणि त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं. तासाभराने फडकं पिळलं तर वाटीभर पाणी निघतं. आता बोंबील चपटा आणि चिवट झालेला असतो. मग हळद, तिखट, आलं-लसूण, थोडी चिंच, आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. एकदा उलटायचा, दोनदा नाही. बाहेरून कुरकुरीत, आत जिभेवर विरघळणारा. घाईत चालणाऱ्या हॉटेलांना तासभर पाट्याखाली ठेवायची सवड नसते, म्हणून तिथे फसगत होते.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजे बोंबील’ अशी पाटी दिसली तर कोळणीला विचारा, “मावशी, कधीचे?” ती खरं सांगते. तिच्या तोंडावरूनही कळतं.

एक उपप्रश्नही येतो. बाहेरगावचे पाहुणे मेनूवर ‘बॉम्बे डक’ वाचून बदक मागवतात आणि मासा आला की हिरमुसतात. हे नाव डाकगाडीतून सुके बोंबील जायचे त्यावरून पडलं, अशी गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. मुंबईत रेल्वे १८५३ साली आली आणि हे नाव त्याआधीही छापलेलं सापडतं.

मुंबईत शेझवान आवडीने खाते. खरं सिचुआन जेवण खाल्लं तर जीभ बधिर झाली, मजाच आली नाही. खरं चुकलं का खोटं?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपलं शेझवान हे मुंबईचं अपत्य आहे, नाव तेवढं चीनच्या सिचुआनचं. सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, व्हिनेगर, जरा साखर. गोबी मंचुरियनचा पूर्वज जो चिकन मंचुरियन, तो नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवला असं सांगतात. चीनमध्ये जाऊन मंचुरियन मागितलंत तर वेटर तुमच्याकडे बघत राहील.

सिचुआन प्रांतातल्या जेवणात मिरचीबरोबर एक छोटं फळ पडतं, त्याच्या सालीने ओठ-जीभ झिणझिणतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं दाताच्या डॉक्टरकडून आलो. पण तुमची आजी मालवण-वेंगुर्ल्याची असेल तर ही झिणझिण तुम्हाला ओळखीची असायला हवी. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ त्याच कुळातलं, सख्खं नसलं तरी चुलत भावंड. पुढच्या वेळी सिचुआन जेवण मागवाल तेव्हा तिरफळ आठवून खा. माझ्या नवऱ्याला दुसऱ्या खेपेला आवडलं. मला पहिल्याच.

सुशीबरोबरची हिरवी चटणी नाकात गेली आणि डोळ्यांतून पाणी. ही काय चव झाली?

तो वासाबी. चटणी समजून चमचाभर खाल्ला असणार. खरा वासाबी हा जपानी झाडाचा किसलेला कंद, आणि तो महाग. बहुतेक ठिकाणी मिळतो तो हॉर्सरॅडिश नावाचं पांढरं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग मिसळून केलेला लगदा. नाकात जातं ते रसायन मोहरीतलंच. आपण लोणच्याला मोहरी फेसतो तेव्हा तोच वार नाकावर होतो आणि आपण त्याला ‘मस्त चढलीय’ म्हणतो. सुशी स्वतः सौम्यच असते. वरण-भात-तूप आवडणाऱ्यांना लवकर आवडते, मिसळवाल्यांना उशिरा.

बबल टी बद्दल काय मत?

साडेतीनशे रुपयांचा साबुदाणा.

बरं, सविस्तर. तैवानमध्ये १९८०च्या दशकात हा चहा निघाला. त्यातले काळे मोती टॅपिओकाच्या पिठाचे, म्हणजे कसावाच्या कंदाचे. आपला उपासाचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे होतो, तोही त्याच कंदापासून. ताजे मोती मऊ आणि चिवट, मजा येते. पण घरपोच मागवलेला, बर्फात अर्धा तास फिरलेला कप हा गार झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखाच. स्टार्च थंड झाला की आवळतो. दुकानात उभं राहून प्या, नाहीतर नादी लागू नका.

किन्वा खाऊन तब्येत सुधारते म्हणे. पण गिळवत नाही.

कडू लागला का? मग धुतला नव्हता. त्याच्या दाण्यांवर सॅपोनिन नावाचा कडवट थर असतो, रिठ्याच्या फेसात असतो त्या जातीचा. पाणी फेसाळायचं थांबेपर्यंत चोळून धुवा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं हे धान्य, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष त्याच्या नावाने साजरं केलं. आपला चाकवत त्याचा सख्खा भाऊ आणि राजगिरा लांबचा. भात समजून खाल तर दर घासाला भाताची आठवण येईल. उपमा करा.

ट्रफल फ्राइज?

आमच्याकडे एकदा घरपोच मागवल्या. डबा उघडताच सासरे उठून गॅसच्या शेगडीचे नॉब तपासून आले. त्यांचं चुकलं नाही. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी, पण बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात ती नसते, तिच्या वासाचं प्रयोगशाळेत केलेलं गंधकयुक्त रसायन असतं. सिलिंडरचा गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात घालतात तेही गंधकाचंच. या यादीत मी ज्याला दुसरी संधी देणार नाही असा पदार्थ हा.

आइस्क्रीम खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं का चिकटतं?

डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिलंय का ‘फ्रोझन डेझर्ट’, ते बघा. आपल्या नियमांप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. वनस्पती तेल घातलं तर आइस्क्रीम म्हणता येत नाही, ते फ्रोझन डेझर्ट, आणि टाळूला चिकटतं ते बहुधा तेच. लग्नाच्या हॉलमध्ये वाटीत वाढतात तेव्हा डबा दिसत नाही, तिथे जीभच सांगेल.

दिल्लीच्या मेहुण्यांना वडापाव खायला नेलं. म्हणाले, “बस, इतना ही?”

गार झालेला वडा दिला असणार. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला असं मानतात. तो मुळात धावत्या माणसाचं खाणं आहे, बशीत मांडून कौतुकाने बघायचं नाही. गाडीवर जाऊन आधी विचारा, “नवीन घाणा कधी काढताय?” तेलातून निघालेला वडा, सुकी लसणाची चटणी, मीठ लावलेली तळलेली मिरची, आणि लोकल पकडायची घाई. घाई नसेल तर थोडी आणा. आणि मेहुण्यांना आधी ‘जगात भारी’ असं सांगू नका. एवढं बांधून ठेवलेलं कौतुक कुठलाच वडा पेलत नाही.

विमानात मिळणारं जेवण एवढं बेचव का?

केबिनमधला हवेचा दाब महाबळेश्वरपेक्षाही कमी असतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा. हवा कोरडी, नाक सुकलेलं, त्यात इंजिनाची घरघर. गोड आणि खारट दोन्ही फिके लागतात. टोमॅटोचा रस त्यामानाने बरा लागतो. मी मेतकूट नेते.

आवडलं नाही तर हॉटेलात पैसे परत मागता येतात का?

नुसतं आवडलं नाही म्हणून नाही. शिळं, खराब, किंवा मागवलं एक आणि आलं दुसरं असेल तर जरूर बोला, आणि दोन घास खाऊन बोला, ताट चाटूनपुसून नव्हे. बिलात परस्पर लावलेला सर्व्हिस चार्ज मात्र देण्याची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काढायला सांगा. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोर्टमधल्या एका उपाहारगृहात मी हे शांतपणे सांगितलं तेव्हा मॅनेजरने बिल बदलून दिलं, पण बडीशेप दिली नाही.

एकदा नाही आवडलं तर पुन्हा किती वेळा खाऊन बघावं?

कडू आणि तुरट गोष्टींना वेळ लागतो. कारलं, ब्लॅक कॉफी, ऑलिव्ह. ऑलिव्ह झाडावरून तोडून खाताच येत नाही इतकं कडू असतं, खाऱ्या पाण्यात मुरवल्यावर कुठे तोंडात घेण्याजोगं होतं. ते जांभळासारखं दिसतं म्हणून जांभळाची अपेक्षा करणं ही आपली चूक. तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या हातचं खाऊन बघा. तरी नाही जमलं तर सोडून द्या.

घरात उरलेल्या महागड्या नावडत्या गोष्टींचं करायचं काय?

आंबट स्ट्रॉबेरीचा साखर घालून मुरंबा. मऊ झालेला अ‍ॅव्होकॅडो पोळीच्या कणकेत, तेल कमी लागतं. आंबट किवी हिरव्या मिरचीबरोबर वाटून चटणी करा, पण दह्या-दुधात घालून ठेवू नका, थोड्या वेळाने कडू होतं. किन्वा थालीपिठाच्या भाजणीत खपतो. ऑलिव्ह चिरून उकडलेल्या बटाट्यात. साक्याचा आंबा कशातच चालत नाही, मिल्कशेकमध्येही आंबूसपणा वर येतो.

बबल टीचे उरलेले मोती मी कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले. मुंग्यांनीसुद्धा दोन दिवस विचार केला.